पेशंटच्या नातेवाइकाची जबाबदारी कुणाची?

आयसीयूबाहेर बसलेल्या माणसाला रुग्णालयानं दिलेली एकच वस्तू म्हणजे पास. आत पेशंटची फाईल असते. तिच्यात नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, लघवीचं प्रमाण तासातासाला लिहिलं जातं. बाहेरच्या माणसाची नोंद मात्र कुठेच होत नाही. तो किती रात्री झोपलेला नाही, त्याची स्वतःची बीपीची गोळी चालू आहे की घाईत घरीच राहिली, लहान मुलं कुणाकडे ठेवून आलाय, सकाळच्या राउंडला डॉक्टर जे बोलले त्यातलं त्याला किती समजलं, हे कुणी विचारत नाही. रुग्णालयाच्या कागदांवर तो दोनदाच येतो: संमतिपत्राच्या तळाशी सही म्हणून आणि पावतीवर पैसे भरणारा म्हणून.

या माणसाला मानसिक आधार देणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि ते काम रुग्णालयातल्या एका ठरावीक व्यक्तीच्या कामाच्या यादीत लिहिलेलं असलं पाहिजे, असं माझं मत आहे. आज ते नशिबावर चालतं. एखादी सिस्टर दोन शब्द नीट बोलते, एखादा निवासी डॉक्टर खुर्ची ओढून बसतो, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण डब्यातली पोळी पुढे करते. ही माणसं भेटली तर बरं, नाही भेटली तर पुढची कित्येक वर्षं एकट्यानं सोसायचं. ज्या गोष्टीचा माणसाच्या तब्येतीवर इतका परिणाम होतो, ती अशी योगायोगावर सोडणं मला मान्य नाही. शिवाय आधार म्हणजे नेमकं काय, याबद्दल मानसशास्त्रानं गेल्या चाळीसेक वर्षांत बरंच काही तपासून पाहिलंय, आणि त्यातल्या काही गोष्टी आपल्या अंदाजाच्या उलट निघाल्या आहेत. म्हणून नुसती सहानुभूती पुरणार नाही. काय उपयोगी पडतं आणि काय पडत नाही, हे पाहूनच काम ठरवावं लागेल.

आधी त्रास किती खोल असतो ते पाहू. फ्रान्समध्ये एली अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ अतिदक्षता विभागांमधल्या पेशंटच्या २८४ नातेवाइकांची ९० दिवसांनंतर चौकशी केली. २००५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण तिघांमागे एका नातेवाइकात मानसिक आघातानंतरची लक्षणं आढळली. झोपेतून दचकून जागं होणं, तेच दृश्य पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्या रस्त्यानं जाणंसुद्धा टाळणं. ही अवस्था पेशंटची नव्हती, त्याच्यासोबत आलेल्यांची होती. ज्यांना आपल्याला माहिती अर्धवट मिळाली असं वाटत होतं, त्यांच्यात हे प्रमाण जवळपास निम्मं होतं. आणि ज्यांनी आयुष्याच्या अखेरीच्या निर्णयात भाग घेतला होता, म्हणजे यंत्रं चालू ठेवायची की थांबवायची हे ठरवताना जे सामील होते, त्यांच्यात पाचांपैकी चौघांना ही लक्षणं होती.

हा शेवटचा आकडा मला फार अस्वस्थ करतो, कारण आपल्याकडे हा निर्णय ज्या पद्धतीनं नातेवाइकांच्या गळ्यात पडतो ती पद्धत फ्रान्सपेक्षा कितीतरी कठोर आहे. रात्री दोनला फोन येतो. 'पेशंट सीरियस आहे, व्हेंटिलेटर लावायचा का, तुम्ही ठरवा.' ठरवणारा असतो बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, किंवा आजवर घरातला एकही मोठा निर्णय जिला घेऊ दिला नाही अशी बायको. व्हेंटिलेटर लावला तर रोजचा खर्च किती, हे त्याच दमात सांगितलं जातं. पुढे काही दिवसांनी पैसे संपतात. मग 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहे' अशा अर्थाचा मजकूर लिहून घेतला जातो आणि खाली सही. त्या सहीनंतर घरात एक मरण होतं, पण सही करणाऱ्याच्या मनात ते मरण सहीला चिकटून राहतं. आपणच नेलं, आपणच थांबवलं. बारावं-तेरावं होतं, वर्षश्राद्ध होतं, तरी हा विचार तो कुणाजवळ बोलत नाही, कारण बोललं तर भाऊबंद म्हणतील, 'तूच तर सही केलीस.'

कायद्यानंही नातेवाइकावर जबाबदारी टाकलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं आणि २०२३ मध्ये त्यात केलेल्या बदलांनी उपचार थांबवण्याची एक रीत घालून दिली. पेशंटनं आधी काही लिहून ठेवलेलं नसेल आणि तो स्वतः बोलू शकत नसेल, तर डॉक्टरांच्या मंडळांसोबत जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. घरच्यांना न विचारता कुणी असे निर्णय घेऊ नयेत. पण ज्याची संमती घ्यायची त्याला त्या क्षणी आणि त्यानंतर कोण सांभाळणार, याबद्दल रुग्णालयाच्या व्यवस्थेत काहीच नसतं. फ्रेंच अभ्यासावरून 'मग नातेवाइकांना विचारूच नका' असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. विचारावं, पण त्यांना एकट्यानं ठरवायला लावू नये. डॉक्टरांनी स्वतःचं मत सांगावं, 'आम्हाला असं वाटतं, आणि या निर्णयात आम्ही तुमच्याबरोबर आहोत' असं स्पष्ट म्हणावं. या एका वाक्यानं सहीचं ओझं वाटून घेतलं जातं.

लांबत जाणाऱ्या आजारात त्रास वेगळ्या वाटेनं येतो, आणि तो शरीरात उतरतो. १९९५ साली ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, अशी सेवा न करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवा करणाऱ्या स्त्रियांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. चार वर्षांनी, १९९९ मध्ये, रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांचा अभ्यास आला. वृद्ध जोडीदाराची सेवा करताना ज्यांच्यावर ताण होता, त्यांच्या मृत्यूचं प्रमाण सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सेवा करत होते पण ताण जाणवत नव्हता, अशांच्या बाबतीत मृत्यूचं प्रमाण लक्षणीय वाढलेलं नव्हतं. म्हणजे सेवा करण्यानं माणूस खचतो असं नाही, तो ताणानं खचतो. आणि ताण कमी करता येतो. माझा सगळा युक्तिवाद या शक्यतेवर उभा आहे.

आता आधाराकडे वळू. आजारी घरात आपण काय बोलतो? 'धीर धरा.' 'देव आहे.' 'तुम्हीच असं केलंत तर मुलांनी कुणाकडे बघायचं?' 'आमच्या शेजाऱ्यांना पण हेच झालं होतं, आता बघा कसे फिरतात.' बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण ऐकणाऱ्याला काय वाटतं? डॅरिन लेहमन, जॉन एलार्ड आणि कॅमिल वॉर्टमन यांनी १९८६ साली याचा अभ्यास केला. गाडीच्या अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की लोकांच्या कुठल्या वागण्याचा तुम्हाला उपयोग झाला आणि कुठल्या वागण्यानं त्रास झाला. त्रास झालेल्या गोष्टींत सल्ले आणि 'लवकर सावरा' असा आग्रह होता. उपयोग झाला तो आपल्यासारख्याच प्रसंगातून गेलेल्यांना भेटण्याचा, आणि मनातलं बोलू दिल्याचा. याच अभ्यासात ज्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता अशा लोकांना 'तुम्ही अशा वेळी काय कराल' असं विचारलं, तेव्हा त्यांनी बऱ्यापैकी बरोबर उत्तरं दिली. म्हणजे काय करावं हे लोकांना ठाऊक असतं. पण दुःखी माणूस प्रत्यक्ष समोर आला की आपली स्वतःची घालमेल वाढते, ती शमवण्यासाठी आपण पटकन काहीतरी बोलून टाकतो, असं संशोधकांचं स्पष्टीकरण आहे. मला ते पटतं. 'धीर धरा' हे पुष्कळदा आपण आपल्यालाच सांगत असतो.

म्हणजे आधार देणं हे अवघड काम आहे आणि चांगल्या मनाची माणसंही त्यात चुकतात. हे सांगणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुन्हा फ्रान्समधलीच आहे. नॅन्सी केंटिश-बार्न्स या समाजशास्त्रज्ञ गेली अनेक वर्षं अतिदक्षता विभागातल्या नातेवाइकांवर काम करतात. त्यांच्या गटानं एक अगदी साधा, माणुसकीचा वाटणारा उपाय तपासला. पेशंट गेल्यावर पंधरा दिवसांनी डॉक्टर आणि नर्स यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं सांत्वनाचं पत्र घरी पाठवायचं. निम्म्या घरांना पत्र गेलं, निम्म्यांना नाही. २०१७ साली निष्कर्ष आले. पत्रानं दुःख कमी झालं नाही. उलट सहा महिन्यांनंतर पत्र मिळालेल्यांमध्ये नैराश्याची आणि आघाताची लक्षणं जास्त होती.

इथे अनेक जण थांबले असते. पत्र लिहिणं चुकीचं, विषय संपला. पण त्या गटानं पुढचा प्रश्न घेतला आणि ३४ अतिदक्षता विभागांत दुसरा प्रयोग केला. या वेळी तीन टप्पे होते. पेशंट जाण्याआधी डॉक्टर आणि नर्स यांनी घरच्यांबरोबर बसून बोलायचं. तो जात असताना खोलीत येऊन घरच्यांजवळ थांबायचं. गेल्यानंतर पुन्हा त्यांना भेटायचं. २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास आला. सहा महिन्यांनंतर दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाची लक्षणं नेहमीच्या पद्धतीत २१ टक्के नातेवाइकांत होती, तीन टप्प्यांच्या पद्धतीत १५ टक्के. फरक चमत्कार म्हणावा इतका नाही. पण शंभर घरांमागे सहा घरं ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्यासाठी कुठलंही औषध किंवा यंत्र लागलेलं नव्हतं.

या दोन प्रयोगांमधला फरक मला फार शिकवून जातो. दोन्हीकडे डॉक्टर-नर्सची भावना खरी होती. पत्र एकदा आलं आणि संपलं. त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. 'शेवटी तिला दुखत होतं का हो?' हा प्रश्न पत्र वाचणाऱ्याच्या मनात जागा झाला असेल, तर त्याचं उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतं. दुसऱ्या प्रयोगात तीच माणसं आधी, त्या वेळी आणि नंतरही होती. आधार हा शब्दांत असतो असं आपण धरून चालतो. मला वाटतं तो ओळखीचा माणूस पुन्हा येण्यात जास्त असतो.

यामुळेच मला आपल्याकडच्या एकदाच होणाऱ्या समुपदेशन शिबिरांबद्दल शंका वाटते. दुर्घटना घडली की तज्ज्ञांची तुकडी येते, सगळ्यांना एकत्र बसवून प्रसंग पुन्हा सांगायला लावते आणि संध्याकाळी परत जाते. अशा एकाच बैठकीच्या पद्धतीवर जगभरात झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा सुझॅना रोझ, जोनाथन बिसन आणि सायमन वेसली यांनी घेतला. पुढचा मानसिक आजार टळल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. भाजलेल्या रुग्णांवर वेल्समध्ये झालेल्या १९९७ च्या एका प्रयोगात तर अशी बैठक घेतलेल्यांची अवस्था वर्षभरानंतर न घेतलेल्यांपेक्षा वाईट होती. जखम उघडायची आणि मग निघून जायचं, हे कुठलाही सर्जन करणार नाही.

'हे सगळं फ्रान्स-अमेरिकेत ठीक आहे, आमच्या वॉर्डात एका खाटेवर दोन पेशंट आणि तीन सिस्टर, आम्ही गप्पा कधी मारायच्या?' हा सरकारी रुग्णालयातल्या कुणाही डॉक्टरचा पहिला आक्षेप असेल, आणि तो खोटा नाही. छत्तीस तास जागा असलेल्या निवासी डॉक्टरला 'नातेवाइकांशी नीट बोला' असा उपदेश करणं अन्यायाचं आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा वेगळा भाग आला, वाईट बातमी कशी सांगावी हे त्यात शिकवलं जातं. चांगलं झालं. पण ते शिकून आलेला मुलगा वॉर्डात उभा राहतो तेव्हा बसायला खुर्ची नसते, खोली नसते आणि मागे वीस पेशंट असतात.

तरी वेळेबद्दलचा एक आकडा सांगतो. २००७ साली अलेक्झांद्र लोत्रेत आणि सहकाऱ्यांनी २२ फ्रेंच अतिदक्षता विभागांत मरणासन्न पेशंटच्या घरच्यांबरोबरची बैठक कशी घ्यावी याचा एक आराखडा तपासला. नातेवाईक जे सांगतील त्याची कदर करायची, त्यांच्या भावना नाकारायच्या नाहीत, ऐकायचं, पेशंट माणूस म्हणून कसा होता ते विचारायचं, आणि त्यांना प्रश्न विचारायला लावायचे. सोबत शोकाबद्दलची एक माहितीपुस्तिका द्यायची. नेहमीची बैठक २० मिनिटांची असे, ही ३० मिनिटांची झाली. नातेवाईक आधी ५ मिनिटं बोलत, आता १४ मिनिटं बोलले. म्हणजे वाढलेला वेळ जवळजवळ सगळा त्यांच्या बोलण्याला मिळाला. ९० दिवसांनंतर आघाताची लक्षणं ६९ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आलेली दिसली. दहा मिनिटं. ती आपल्याकडे मिळत नाहीत असं म्हणताना, एकाच पेशंटच्या सात नातेवाइकांना सात वेळा तेच तेच तुटक सांगण्यात किती मिनिटं जातात, हेही मोजायला हवं.

पण सगळ्यात जवळचा पुरावा गोव्यातला आहे. तिथं अमित डायस, विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांबरोबर सहा महिन्यांचा प्रयोग केला, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. घरी जाणारी माणसं मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. बारावीपर्यंत शिकलेली, कोकणी बोलणारी, म्हाताऱ्या माणसांबद्दल आस्था असलेली स्थानिक माणसं होती. त्यांना आठवडाभराचं प्रशिक्षण दिलं आणि पाठीशी तज्ज्ञ ठेवले. ती साधारण पंधरा दिवसांनी घरी जात. आजार काय आहे हे समजावत. आजोबा रात्री उठून दार उघडतात, आजी जेवल्याचं विसरून पुन्हा ताट मागते, अशा वेळी काय करायचं ते सांगत. घरातल्या इतरांना बसवून कामं वाटून घ्यायला लावत. सरकारी योजनांची माहिती देत, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवत.

सहा महिन्यांनी सेवा करणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्यानं होणारा त्रास कमी झाला. रुग्णांच्या आजारात मात्र म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. आजार तसाच होता, त्याच्याबरोबर राहणं शक्य झालं. ८१ कुटुंबं ही संख्या लहान आहे, त्यावरून सगळ्या आजारांबद्दल बोलता येणार नाही, हे मान्य. पण 'आमच्याकडे तज्ज्ञ नाहीत म्हणून हे जमणार नाही' या म्हणण्याला गोव्यानं उत्तर दिलेलं आहे.

दुसरा आक्षेप थोडा अभिमानानं घेतला जातो. आपल्याकडे कुटुंब आहे, नातेवाईक आहेत, गाव आहे. आपल्याला बाहेरच्या माणसाच्या आधाराची गरज काय? कुटुंबाची ताकद मी नाकारत नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं, उपचारात सामील करून घेतलं. जगात त्या वेळी रुग्णाला घरापासून तोडण्याची पद्धत होती. भारतानं हा वेगळा रस्ता दाखवला, त्याचा मला अभिमान आहे. पण घरात दहा माणसं असली तरी डायपर बदलणारे हात बहुतेक वेळा दोनच असतात, आणि ते सुनेचे, बायकोचे किंवा लग्न न झालेल्या मुलीचे असतात. बाकीचे आठ जण भेटायला येतात आणि चहा पिऊन जातात. तिला कसं वाटतं हे विचारायची पद्धत नाही, आणि तिनं सांगितलं तर 'एवढं तर करायलाच लागतं' हे उत्तर ठरलेलं. सासूबद्दलची चिडचिड ती त्याच घरातल्या कुणाला सांगणार? बाहेरचा, पण विश्वासाचा माणूस लागतो तो यासाठी. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं हे ओळखलं, म्हणून तिथं व्यसनी नवऱ्यांवर उपचार होतात तसा त्यांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गटही चालतो. 'माझ्याच घरात असं आहे' ही लाज अशा गटात गळून पडते.

एका गोष्टीवर थोडं थांबायला हवं, कारण ती आपल्या घरांत फार घडते. कॅन्सरचं निदान झालं की डॉक्टरांच्या खोलीबाहेर मुलगा हळूच सांगतो, 'बाबांना सांगू नका, खचतील.' बाबांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. परळचं नाव घेतलं तरी लोकांना कळतं, आणि टाटा हॉस्पिटलच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपल्याला काय झालंय हे ठाऊक नसेल असं मानणं कठीण आहे. मग बाबा मुलासाठी नाटक करतात आणि मुलगा बाबांसाठी. दोघं एकाच खोलीत असून एकटे पडतात, आणि शेवटचे महिने बोलायच्या गोष्टी न बोलता निघून जातात. अशा मुलाला 'पेशंटला जाणून घ्यायचा हक्क आहे' असं ठणकावणं बरोबर असलं तरी उपयोगाचं नाही. त्याला विचारायला हवं, 'तुम्हाला कशाची भीती वाटते? सांगितलं तर काय होईल असं वाटतं?' बाबांनाही वेगळं विचारायला हवं, 'तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?' यासाठी दोन-तीन बैठका लागतात, आणि दोघांचाही विश्वास असलेला एक माणूस लागतो. राउंडच्या घाईत हे होत नाही.

मग तो माणूस कोण? महाराष्ट्रात ही जागा नव्यानं शोधायची गरज नाही. १९३६ साली मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, जिला आज आपण टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) म्हणतो. आणि १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली. कल्पना हीच होती, की पेशंटच्या मागे घर असतं आणि घराकडे बघणारं रुग्णालयात कुणीतरी असावं. ऐंशी वर्षांपूर्वी मुंबईला सुचलेली ही गोष्ट आज सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' या पदानं अस्तित्वात आहे. पण त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभं राहिलं की दिसतं ते रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, ट्रस्टकडे मदतीसाठी अर्ज, बेवारस पेशंटची पोलिसांना खबर, योजनेची कागदपत्रं. ही कामं गरजेचीच आहेत, पैशाची सोय हाही आधारच आहे. पण त्यासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाला दिवसभर झेरॉक्स तपासत बसवणं ही मोठी उधळपट्टी आहे. कागदांसाठी कारकून द्या आणि या लोकांना वॉर्डात जाऊ द्या.

सगळ्याच नातेवाइकांना मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. बालरुग्णांच्या कुटुंबांवर काम करणाऱ्या ॲन कॅझॅक यांनी याची तीन थरांत मांडणी केली आहे. बहुतेक घरं अडखळतात, पण सावरतात. त्यांना स्पष्ट माहिती आणि साधी मदत पुरते. मधल्या थरातल्या घरांना विशिष्ट अडचणींसाठी थोडं जास्त लक्ष लागतं. टोकाच्या थोड्या घरांना खरोखर तज्ज्ञाची गरज असते. कॅन्सर होऊन गेलेल्या मुलांच्या अभ्यासांत त्यांना असंही दिसलं, की आघाताची लक्षणं मुलांपेक्षा आईवडिलांमध्ये जास्त असतात. पोरगं बरं होऊन शाळेत जातं, क्रिकेट खेळतं, आणि आई अजून प्रत्येक तापाला घाबरून रात्र जागते. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, कारण फाईलवर 'बरा झाला' असं लिहिलेलं असतं.

म्हणून माझी मागणी मोठ्या इमारतींची किंवा नव्या संस्थेची नाही. आयसीयू, कॅन्सर, डायलिसिस, नवजात शिशू अशा विभागांत प्रत्येक पेशंटमागे घरच्यांपैकी एक मुख्य व्यक्ती आणि रुग्णालयाकडून एक ठरलेला माणूस, अशी जोडी दाखल होतानाच नोंदवली जावी. तो माणूस समाजसेवा अधीक्षक असेल, प्रशिक्षित नर्स असेल किंवा गोव्यासारखा प्रशिक्षण दिलेला स्थानिक कार्यकर्ता असेल. भरतीनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांसह बसून एक बैठक व्हावी, दारात उभं राहून नव्हे. मोठ्या निर्णयाच्या वेळी तो हजर असावा. आणि पेशंट गेला तर महिन्याभरानं त्याच माणसाचा फोन जावा, बोलायचं असेल तर भेटीची वेळ ठरावी. पाहिलेलं विसरता येत नाही, झोप लागत नाही, दारू वाढली आहे, असं त्यातून लक्षात आलं तर पुढे मानसोपचार विभागाकडे पाठवावं. मानसिक आरोग्यासाठीची 'टेलि-मानस' ही सरकारी हेल्पलाइन (१४४१६) २०२२ पासून आहे, तीही सांगावी. पण अनोळखी आवाजाचा नंबर हातात देऊन ओळखीच्या माणसानं मोकळं होणं योग्य नाही.

रुग्णालयाबाहेरही पुष्कळ काही आहे. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत परगावाहून आलेले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे घरचे राहतात. तिथल्या व्हरांड्यात एकमेकांना जे सांगितलं जातं, केमोनंतर काय खाऊ घालायचं, कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो, तुमचंही असंच झालं होतं का, तो लेहमनच्या अभ्यासातला 'आपल्यासारख्यांचा' आधारच आहे. केरळात १९९३ पासून कोझिकोडमधून सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेनं शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना शिकवून घराघरांत नेलं, आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारनं त्यासाठी धोरण केलं. मुंबईत वांद्र्याला शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या पेशंटना सांभाळणारं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. आपल्याकडे माणसं आहेत, जागा आहेत, परंपराही आहे. रुग्णालयाच्या दारापासून तिथपर्यंत माणसाला कुणी पोचवत नाही, एवढंच.

शेवटी पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं किंवा आयुष्मान भारतचं पॅकेज पेशंटच्या नावानं असतं आणि त्यात शस्त्रक्रिया, औषधं, खाटेचे दिवस यांची किंमत धरलेली असते. घरच्यांबरोबरच्या बैठकीला त्यात स्वतंत्र जागा द्यावी. आयसीयू आणि कॅन्सरच्या पॅकेजमध्ये एक नोंदवलेली कौटुंबिक बैठक आणि मृत्यूनंतरचा एक पाठपुरावा यांचा छोटासा दर धरावा. बैठक कधी झाली, कोण हजर होतं आणि घरच्यांनी कुठले प्रश्न विचारले, याची एका पानाची नोंद जोडल्याशिवाय तो दर मिळू नये. योजनेतल्या खासगी रुग्णालयांना मग या कामासाठी माणूस नेमणं परवडेल. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकांची रिकामी पदं भरताना त्यांच्या कामाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर हेच लिहावं. आमदारांना विधिमंडळात आरोग्यावर प्रश्न विचारायचेच असतात. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात ही किती पदं आहेत, त्यातली किती भरलेली आहेत आणि ती माणसं दिवसातला किती वेळ वॉर्डात असतात, एवढं त्यांनी येत्या अधिवेशनात विचारावं.